अठ्ठेचाळीस दिवसांचं मंडळ

मी कुठला नेम धरला तर आमच्या घरी कुणी कारण विचारत नाही. सोमवारी अळणी, गुरुवारी राघवेंद्रस्वामींसाठी एक वेळ, शनिवारी पेरुमाळाला, म्हणजे विष्णूला, तुळशीचा हार, एकादशीला फळ आणि पाणी. लग्न होऊन तंजावूरच्या राजवाड्यामागच्या या गल्लीत आले, त्याला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझा एखादा नेम चुकला असेल तर तो तापाने. त्यामुळे ज्या दिवशी मला खोटं बोलणं भाग पडलं, त्या दिवशी तोंडात देवीचंच नाव आलं. दुसरं काही मला सुचतच नव्हतं.

हे टाइपरायटरच्या एजन्सीत मेकॅनिक होते. कोर्ट, कलेक्टर ऑफिस, कॉलेजं, गल्लोगल्लीच्या टायपिंग इन्स्टिट्यूट, सगळीकडची मशिनं यांच्या हाताखालून जायची. दारातून नुसता आवाज ऐकून सांगायचे, "त्या तिसऱ्या मशिनचा 'ई' अडकतोय." घरी आले की नखांत शाईचा काळा रंग आणि अंगाला मशिनच्या तेलाचा वास. तो वास मला देवघरातल्या कापरासारखा ओळखीचा होता.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी हे दुपारी तीन वाजताच घरी आले. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "मार्चअखेर."

"काय मार्चअखेर?"

"शाखा बंद. मद्रासहून पत्र आलंय. कोर्टानेसुद्धा यंदा करार केला नाही. कंप्यूटर येणार म्हणे." मग जरा वेळाने, "समोरच्या इन्स्टिट्यूटची पाटी बघितलीस? नवी रंगवलीय. त्यात कंप्यूटर वर आणि टायपिंग खाली, बारीक अक्षरात."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"अम्माला सांगायचं नाही," हे आपल्या आईबद्दल म्हणाले. "गेल्या वर्षी डॉक्टरने काय सांगितलं आठवतं ना? हृदयाला धक्का नको. आणि हरिणीला तर अजिबात नाही. प्लस टूची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय. पोर पुस्तक मिटून रडत बसेल. परीक्षा संपू दे, मग मी सांगेन. मला वचन दे, विजया."

मी दिलं. ओल्या, राखेच्या हाताने दिलं.

रात्रभर मनात घर फिरत राहिलं. मार्चनंतर घरात काय येणार नाही, ते नव्हे. आतापासून काय यायचं थांबवता येईल, ते. कॉफी. दोन वेळचं दूध. बारीक पोन्नी तांदूळ. बाहेरून येणारा चकलीसारखा मुरुक्कू, शुक्रवारचा मोगरा, आत्याबाईंना देवळात न्यायला लागणारी ऑटो. यातलं एकेक कमी केलं तर मार्च संपायच्या आधी कोठीत दोन महिन्यांचं धान्य पडेल. पण कमी करायचं तर कारण सांगायला हवं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई नागलक्ष्मी, पहाटे पाचला उठून पडवीत बसतात त्या कॉफीसाठीच. चौऱ्याहत्तर वर्षांचं त्यांचं वय, त्यातली साठ वर्षं त्या कॉफीवर उजाडलेली.

सकाळी त्या बसल्या. मी आत नुसतीच उभी.

"विजया, डिकॉशन उतरलं नाही का गे?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजपासून मंडळ धरलंय, आत्याबाई. अन्नपूर्णेचं."

अठ्ठेचाळीस दिवसांच्या नेमाला आम्ही मंडळ म्हणतो. मार्चअखेरपर्यंत तेवढेच दिवस होते. पण अन्नपूर्णेचं असं मंडळ मी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनीही नाही.

"हे कुठलं?"

"माहेरचं. तिरुवैयारुला माझी आजी करायची. घरातल्या सगळ्यांनी पाळायचं असतं."

आजी जाऊन तीस वर्षं झाली होती. तिलाही मी साक्षीला उभं केलं.

आत्याबाईंचे डोळे उजळले. "सांग सांग, नियम सांग."

मग मी एकेक सांगत गेले. कॉफी वर्ज्य. तांदूळ जाडा. दुपारी एकदा भात, संध्याकाळी नुसती पेजेसारखी कांजी. बाहेरचं विकतचं काही नाही. देवळात जायचं ते पायी. माझी यादी काल रात्रीच तयार होती, त्यामुळे कुठे अडखळले नाही.

हरिणी केस विंचरत बाहेर आली. "अम्मा! परीक्षेच्या वेळी कॉफी नाही? तुझ्या देवीला प्लस टू म्हणजे काय ठाऊक नाही का?"

"विद्यार्थ्यांना सूट आहे," मी म्हटलं.

"बरी देवी आहे मग," ती म्हणाली आणि निघून गेली.

मनाशी मी एकच समजूत घातली होती. हातात पाणी घेऊन, नाव-गोत्र सांगून, मागणं मागून पाणी सोडलं की व्रत लागतं. मी पाणी सोडलंच नव्हतं. नुसतं तोंडाने बोलले. तोंडाचं बोलणं घरापुरतं राहील, देवीपर्यंत जाणार नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई अंघोळ करून ओल्या केसांनी देवघरात बसल्या. मी फुलं ठेवायला गेले, तर त्यांच्या तळहातात पाणी. ओठ हलत होते. माझ्यादेखत त्यांनी पाणी ताम्हनात सोडलं.

"आत्याबाई, तुम्ही कशाला? तुमच्या वयाला..."

"माझ्या वयाला काय झालं? तुझ्याआधी या घरात एकादश्या कुणी केल्या?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू मागणं काय धरलंस?"

"मागणं सांगायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या खोलीकडे, जिथे हे पाठमोरे बसून जुन्या पेटीतले स्क्रू उगाच निवडत होते, तिकडे बराच वेळ पाहिलं. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि उठल्या.

पहिले काही दिवस मी फार कामात होते. पोन्नी तांदूळ डब्यात जसाच्या तसा ठेवून रेशनचा शिजवत होते. तांदळाचे वडम म्हणजे सांडगे गच्चीवर वाळत घातले, लिंबं मिठात मुरवली, मिरच्या ताकात भिजवून सुकवल्या. डबा भरला की झाकण लावताना जीव क्षणभर भांड्यात पडायचा. मग आठवायचं की डबा म्हणजे दहा दिवस, आणि आयुष्य पडलंय.

रेशनच्या रांगेत शेजारची सुंदरी भेटली. ती आमच्यातलीच, पण तिचं मराठी अर्धं तमिळात बुडालेलं आणि जीभ पूर्ण मिरचीत.

"काय गे विजया! तंजावूरात राहून रेशनचा तांदूळ? दारासमोर भाताची शेतं आणि पिशवीत हा वासाचा भात?"

"व्रत आहे. जाडाच तांदूळ लागतो."

"अय्यो! कुठल्या देवीला असला वास आवडतो?" ती हसली, रांगेतल्या दोघी-तिघीही हसल्या. मग तिचा चेहरा बदलला. "तू धरलंस म्हणजे काहीतरी पावणारं असणार. कहाणी काय आहे त्याची? कहाणीशिवाय व्रत कसं? शुक्रवारी येते मी ऐकायला."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रत्येक व्रताला कहाणी असते. ती ऐकल्याशिवाय हातातल्या अक्षता खाली ठेवता येत नाहीत.

शुक्रवारी सुंदरी आली, आणखी दोघींना घेऊन. आत्याबाई भिंतीला टेकून अक्षता घेऊन बसल्या. मी डोळे मिटले. त्यांना वाटलं मी आठवतेय.

"नदीकाठी एक गाव होतं," मी सुरू केलं. "तिथल्या एका घरावर संकट यायचं होतं. सुनेला ते स्वप्नात आधी कळलं. ती देवीकडे रडत गेली. देवी म्हणाली, संकट मला टाळता येत नाही. पण ते यायच्या आधी तुम्ही जे आपणहून सोडाल, ते मी राखून ठेवीन. मग सुनेने गोड सोडलं, फूल सोडलं..."

"आणि सासू?" सुंदरी मध्येच म्हणाली. "सगळं सुनेनंच केलं का? सासू काय नुसती बसून खात होती?"

सगळ्या हसल्या. आत्याबाईसुद्धा. त्या हसत माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांना कहाणीत मानाचं पान द्यावंसं वाटलं.

"सासू थोर होती," मी म्हटलं. "ती कुणाला न सांगता आपल्या पानातला अर्धा भात रोज बाजूला काढायची आणि गाईला घालायची. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी देवी गाईच्या रूपाने दारात आली. म्हणाली, सगळ्यांनी दिलं ते हातचं दिलं, तू पोटचं दिलंस. म्हणून तुझ्या मुलावरचं संकट मी उचललं."

सुंदरीने पदराने डोळे पुसले. आत्याबाईंनी अक्षता कपाळाला लावल्या. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. कहाणी चांगली जमली होती.

त्यानंतरचे दिवस एकसारखे गेले. निवडणूक होऊन गेली, भोंगे थांबले, ऊन चढलं. हे सकाळी डबा घेऊन जायचे आणि डबा अर्धा परत यायचा. ऑफिसात काम उरलंच नव्हतं. हे पायी फिरून जुन्या गिऱ्हाइकांना विचारत होते, मशीन असेल तर सांगा, घरी येऊन बघतो. लोक चहा द्यायचे आणि मान हलवायचे. एका इन्स्टिट्यूटवाल्याने अकरा मशिनं भंगारात घातली होती. हे ती बघून आले आणि संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून बसले.

"त्यातली सहा मी गेल्याच महिन्यात ठीक केली होती," एवढंच बोलले.

आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं नाही. त्यांनी फक्त मुलाची पाठ पाहिली.

त्या वाळत चालल्या होत्या. मला दिसत होतं, पण मी म्हणायचे, कॉफी नाही म्हणून. रेशनचा भात पचत नाही म्हणून. मी त्यांना गुपचूप पोन्नीचा मऊ भात वाढू लागले. पान चाटूनपुसून साफ व्हायचं. मला समाधान वाटायचं.

मी यांना एकदा म्हटलं, "आत्याबाईंना सांगू या का? त्यांची तब्येत..."

"परीक्षा संपू दे," हे म्हणाले. "वचन दिलंयस."

परीक्षा सुरू झाली. तमिळचे दोन पेपर झाले त्या दुपारी हरिणी घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "अम्मा, आज्जी रोज भात गाईला का घालते?"

"कुठला भात?"

"तिचा. मी खिडकीत अभ्यासाला बसते तेव्हा बघते ना. केळीच्या पानात घेऊन मागच्या दाराने जाते. आज सगळाच घातला. तू तिला जास्त वाढतेस का?"

मी आत्याबाईंजवळ गेले. त्या देवघरासमोर पडल्या होत्या. हल्ली बसवत नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही जेवत नाही."

"जेवते की."

"भात गाईला घालता."

त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. उलट लाजल्या, चोरी पकडलेल्या मुलीसारख्या. "कुणाला सांगायचं नसतं ना ते? तूच म्हणालीस. कहाणीत ती सांगते का कुणाला?"

"ती कहाणी आहे, आत्याबाई."

"मग? कहाणी काय खोटी असते?"

माझ्याजवळ उत्तर होतं. ते तोंडाशी आलं. पण यांना दिलेलं वचन आडवं आलं, आणि पोरीचे बाकीचे पेपर उरले होते. मी काय केलं? मी आणखी एक नियम केला. "सत्तरीच्या पुढच्यांना सूट आहे. आजी म्हणायची."

आत्याबाई हसल्या. "हा नियम काल नव्हता. माझी दया येऊन आज काढलास. राहू दे, बाळा. गाईने तोंड लावलंय, आता मागे फिरायचं नाही."

देवघरात मी माथा टेकला. तेवीस वर्षं मी तिथे बसून काय काय मागितलं असेल. त्या दिवशी मागायला तोंडच उघडेना. कुणाच्या नावाने मागणार? जिच्या नावाने खोटं बोलले तिच्याच?

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला आत्याबाई मागच्या पायरीवर कोसळल्या. मी ऑटो आणायला धावले. सुंदरी आणि मी त्यांना उचललं तेव्हा सुंदरी घाबरून म्हणाली, "विजया, हिच्यात वजनच नाही गे." आणि खरंच, हरिणीचं दप्तर त्यांच्याहून जड लागलं असतं.

सरकारी इस्पितळात सलाइन लावलं. हे कामावरून धावत आले. तरुण डॉक्टरीण होती, बोलायला सरळ. "यांच्या पोटात अन्नच नाही. किती दिवस उपाशी आहेत? नुसत्या बाटलीवर या वयाचं शरीर टिकत नाही. तोंडाने गेलं पाहिजे. आज, आत्ता." हे औषधाची चिठ्ठी आणि कांजीसाठी थर्मास घेऊन बाहेर पळाले.

माझ्या डब्यात थोडी कांजी होती. मी चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी ओठ मिटून घेतले. मान वळवली. पुन्हा नेला, पुन्हा तसंच. कांजी गालावरून उशीवर ओघळली.

तेव्हा मी वचन मोडलं.

"आत्याबाई, मंडळ खोटं आहे."

त्यांनी डोळे उघडले.

"असं व्रतच नाही. माझी आजी असलं काही करत नव्हती. कहाणी मी तिथल्या तिथे रचली. मी पाणीसुद्धा सोडलं नाही. घरातला खर्च कमी करायला मी..."

"त्याला कुठला रोग आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"लपवू नकोस आता. गुरुराजला. जेवत नाही, वाळलाय, भिंतीकडे तोंड करून बसतो. त्याच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. तेव्हाही मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही." त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे उतरत होतं. "तू घरभर मंडळ धरलंस तेव्हाच मी ओळखलं. मागणं सांगेनास, तेव्हा खात्रीच झाली. पोटात गाठ आहे का?"

"नाही हो, आत्याबाई! त्यांना काही झालेलं नाही. नोकरी जातेय. मार्चअखेर शाखा बंद होतेय."

"नोकरी?"

"हो."

"नुसती नोकरी?"

"नुसती नोकरी."

त्यांनी डोळे मिटले. छाती वरखाली होऊ लागली; मी नर्सला हाक मारणार, तेवढ्यात कळलं की त्या हसताहेत. किंवा रडताहेत, दोन्ही एकत्र. मग एकदम थांबल्या. डोळे उघडले आणि मला त्यांची भीती वाटली.

"नवऱ्याची नोकरी झाकायला देवीला पुढे केलंस? इतके दिवस मी पोटाला फडकं बांधून झोपले गे. रोज म्हणत होते, अन्नपूर्णे आई, त्याचं दुखणं माझ्यावर घाल. आणि तू मला रोज पाट मांडून वाढत होतीस." हाताला सुई नसती तर त्यांनी मला मारलं असतं. मारायला हवं होतं.

मी उशीवर ओघळलेली कांजी पदराने पुसली.

शेजारच्या खाटेवरची बाई पापनाशमकडच्या खेड्यातली होती. पाय मोडून पडली होती आणि मघापासून आमच्याकडे टक लावून बघत होती. भाषा कळत नव्हती, रडणं कळत होतं. आत्याबाई तिच्याकडे वळल्या आणि खणखणीत तमिळात म्हणाल्या, "माझ्या मुलाला रोग नाही, ऐकलंस का? नुसती नोकरी जातेय! टाइपरायटर नीट करतो. शिलाईचं मशीनही येईल करता. तुमच्याकडे कुणाचं असेल तर सांग!"

"पापम," बिचारा, असं ती बाई म्हणाली. मग तिने पलीकडच्या खाटेला सांगितलं, आणि पलीकडचीने तिच्या पलीकडे.

यांनी नेमकं तेव्हाच दारात पाऊल टाकलं होतं. हातात थर्मास. ज्या गोष्टीसाठी महिनाभर आम्ही श्वास धरून राहिलो, ती एका वॉर्डाच्या बारा खाटांवरून त्यांच्या समोर चालत आली. हे तिथेच थांबले. चेहरा असा झाला की मी उठून गेले.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "मला सांगावं लागलं."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आत गेले. खाटेच्या कडेला बसले. "अम्मा, मी तुला सांगणारच होतो..."

"हात दाखव," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी यांचं मनगट धरलं, कपाळ चाचपलं, पोट दाबून पाहिलं. "दुखतं?"

"नाही, अम्मा. ठणठणीत आहे मी. आता जेव."

"कशी जेवू?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तिने पाणी सोडलं नाही. मी सोडलंय," त्या म्हणाल्या. दम लागत होता, शब्द सुटे सुटे येत होते. "तुझ्या जिवासाठी सोडलंय. तुला रोग नाही, बरं झालं. म्हणून दिलेलं परत घेऊ? अठ्ठेचाळीस म्हटलं होतं. सव्वीसवर उठले आणि उद्या खरंच तुला काही झालं, तर?"

"अम्मा, व्रतच खोटं होतं ना!"

"तिचं खोटं होतं. माझं कसं खोटं?"

यांनी हात जोडले. रडले, लहान मुलासारखे, बारा खाटांसमोर. डॉक्टरीण येऊन ओरडून गेली. आत्याबाईंचे ओठ घट्ट. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, हे मला दिसत होतं; भीती होती. ती भीती मी त्यांना कहाणीतून घातली होती, आणि आता मीच सांगून ती निघत नव्हती.

बाटलीतलं पाणी थेंब थेंब पडत होतं. मी ते बघत बसले. बाटली संपत आली.

"आत्याबाई," मी म्हटलं. "उरलेलं मला द्या."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"आजारी माणसाचं व्रत घरातल्या दुसऱ्याने पुरं करता येतं. हे मी रचलेलं नाही. तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या जावेचे सोळा मंगळवार तुम्हीच पुरे केले होतेत."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" त्या म्हणाल्या. "उद्या नवा नियम काढशील."

"नाही काढणार. अर्धं पान. एक वेळ. कॉफी नाही. बावीस दिवस. तुमच्या हाताने पाणी घाला."

त्यांनी यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उजव्या हाताने खूण केली. यांनी स्टीलच्या टंबलरमध्ये नळाचं पाणी आणलं. मी खाटेशी गुडघे टेकून तळहात पुढे केला. आत्याबाईंचा हात इतका थरथरत होता की निम्मं पाणी माझ्या मनगटावरून बाहीत गेलं. शेजारची बाई उठून बसायचा प्रयत्न करत होती, दिसावं म्हणून.

"नाव-गोत्र म्हण," त्या म्हणाल्या. मी म्हटलं. स्थळ म्हटलं, तिथी म्हटली. "आता मागणं. मोठ्याने. मला ऐकू दे."

मी कितीतरी गोष्टी मागू शकले असते. यांचं काम. पोरीचं कॉलेज. डब्यांतला तांदूळ जूनपर्यंत पुरावा.

"आत्याबाईंनी जेवावं," मी म्हटलं आणि पाणी सोडलं. ते इस्पितळाच्या फरशीवर पडलं.

"बस?"

"बस. मला एवढंच हवंय."

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. "नोकरी तरी मागायची होतीस."

यांनी थर्मासचं झाकण उघडलं. मी चमचा भरला. आत्याबाईंनी आधी यांच्याकडे बोट केलं, त्याला जवळ बसव म्हणून. हे सरकून बसले. त्यांनी यांच्या सदऱ्याची कड मुठीत धरली आणि तोंड उघडलं.

पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. "मीठ नाही यात."

मीठ आणायला मी बाहेर आले. व्हरांड्यातलं घड्याळ सव्वा एक दाखवत होतं. मंडळाचा एक वेळचा भात घरी बाराच्या आत व्हायचा, म्हणजे माझं आजचं अर्धं पान गेलं. घरी हरिणी पेपर देऊन येईल, तिला कोण सांगणार, कसं सांगणार, ते अजून ठरायचं होतं. कँटीनच्या खिडकीशी मी मिठाची पुडी मागितली आणि तिथल्या माणसाने विचारलं, नुसतं मीठ? जेवण नको? मी नको म्हटलं, पुडी मुठीत घेतली आणि परत चालू लागले.